बापाचा कुत्रा, माझा हात

कुत्रा माझा नव्हता, बापाचा होता. बाप मेला आणि घरात जे उरलं ते माझ्याकडे आलं. एक कांबळं, एक कुऱ्हाड, माय आणि कुत्रा. माय म्हणायची, यातलं एकही तुझं ऐकणार नाही.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे, नाल्याच्या काठानं. नागपूरला दीक्षा घेऊन वस्ती परत आली आणि आम्ही गावकीची कामं सोडली. सांगावे नेणार नाही, वेशीवर राबणार नाही, मेलेलं ढोर ओढणार नाही. पत्रकात लिहिलं होतं तसंच इथं लिहितो, मला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता येत नाही. पत्रकं वणीहून यायची. शाळेत शिकलो त्याहून जास्त मी त्यांच्यावर शिकलो. ढोरं ओढायचे अंबाडीचे दोर आम्ही वस्तीच्या मधोमध आणून जाळले. बापानं आपला दोर स्वतः आणून टाकला. टाकताना काही बोलला नाही. बोलायचं काम माझं होतं, ते मी केलं.

त्या दिवशी आमच्या वलणीवर चान्या वाळत होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेलेल्या ढोराच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसलं की खायच्या. ही पाळी आमच्यावर कोणी आणली ते ज्यांनी आणली त्यांना चांगलं माहीत आहे. मी त्या उतरवल्या आणि परसात खड्डा करून पुरल्या. कुत्र्यानं उकरल्या. मी दगड मारला. त्यानं पुन्हा उकरल्या, मी पुन्हा मारला. तेव्हापासून माझा हात वर झाला, मग तो डोक्यावरची टोपी सरळ करायला का होईना, की कुत्रा कुडाआड जायचा.

गावकी सोडल्यावर बाप राजूरला खाणीवर कामाला गेला. परत आला तो तापातच आला आणि थंडी संपायच्या आत गेला. मला काही वाटलं नाही. ही फुशारकी नाही. वाटायला पाहिजे होतं हे मला कळत होतं, पण आत हात घातला तर तिथं काही लागत नव्हतं. गाव तेरवीची वाट पाहत होतं. तेरवी करणार नाही म्हणून मी वस्तीत भाषण दिलं. भाषण चांगलं झालं. लोक म्हणाले, बापाच्या मागं पोरगा खंबीर राहिला. कुत्रा बाप निजायचा त्या जागेवर बसून होता आणि कोणी काही टाकलं तर खात नव्हता, एवढं मला त्या दिवसांतलं स्पष्ट आठवतं.

आता गावाकडे ढोर मेलं की ते ओढणारं कोणी नव्हतं. कधी परगावाहून माणसं आणली, कधी मेलं तिथंच पडून राहिलं. गिधाडं यायची, घारी यायच्या आणि आमच्या वस्तीतले कुत्रे जायचे. पूर्वी त्यांना आमच्यासोबत वाटा मिळे, आता ते आपले आपण जात होते. तोंडात हाडकं घेऊन गावच्या रस्त्यानं वस्तीत येत. पाराशी बसलेल्यांना आयतीच गंमत झाली.

"काहो पुढारी," एक जण मला हाक मारून म्हणाला, "तुमी सोडलं मनता. तुमच्या कुत्र्यायनं कुटी सोडलं?"

सगळे हसले. मी तिथंच उभा राहून उत्तर दिलं. हजार वर्षांचा हिशेब काढला. ते ऐकत राहिले आणि माझ्या मागून बापाचा कुत्रा एक फासळी घेऊन शांतपणे निघून गेला. त्यावर ते पुन्हा हसले.

मग कुत्र्यांनी पाटलाच्या गोठ्यातलं बकरीचं पिल्लू ओढलं. आमच्याच कुत्र्यांनी ओढलं की गावच्या, हे कोणी पाहिलं नव्हतं. पण कोतवाल आमच्याच वस्तीत आला. कोतवाल नवा होता. आमचा होता त्यानं काम सोडलं, म्हणून गावानं दुसऱ्या जातीचा केला होता. वस्तीच्या तोंडाशी उभा राहून, आत पाय न घालता, तो ओरडला.

"पाटलानं सांगतलं हाय! पुढचं ढोर मेलं का त्याच्यात कुचला भरून ठेवतो. आपापले कुत्रे सांभाळा. मंग बोंबलू नका!"

कुचल्याच्या बिया आमच्या जंगलात पायाखाली येतात. बी कुटून मांसात भरलं आणि ते जनावराच्या पोटात गेलं की अंग धनुष्यासारखं ताणतं आणि जीव जातो. मी तहसिलीत अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुढचं ढोर कधी मरेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उद्या मरेल, दिवाळीत मरेल. पण मरेल त्या दिवशी कुत्रा तिथं गेला तर तोही मरणार, एवढं नक्की होतं.

लोकांनी कुत्रे बांधायला सुरुवात केली. पण बांधायचे कशानं? दोर जाळले होते. कोणी लुगड्याच्या काठानं बांधला, कोणी सुतळीनं. कुत्र्यांनी ते चावून टाकलं. माय बाजारातून नवा दोर आणते म्हणाली. मी नाही म्हटलं.

"काहून?"

"आपण आपल्या गळ्यातलं काढलं आणि आता दुसऱ्या जिवाच्या गळ्यात घालायचं? हे मला पटत नाही."

"बरं बाप्पा. गळ्यात घालू नको. मंग त्याच्या डोक्यात घाल काहीतरी. मरून जाईन थो."

माझ्या बापानं त्याला कधी बांधलं नव्हतं हेही खरं. बाप जिभेनं टाळूवर एक आवाज काढायचा आणि कुत्रा असेल तिथून यायचा. मी तो आवाज काढून पाहिला. कुत्र्यानं एकदा कान उभे केले, इकडेतिकडे पाहिलं, आवाज माझा आहे हे पाहून कान पाडले. त्यानंतर मी तो आवाज काढला नाही.

सुरुवातीला मी त्याला समजावून सांगितलं. हसायचं असेल तर हसा. मला जे येत होतं ते मी केलं. तो लिंबाखाली बसलेला, मी ओट्यावर. मेलेलं खाणं वाईट का, पाटलाचा डाव काय, सगळं त्याला सांगत होतो. सभेत बोलताना समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालायचे असं मला शिकवलं होतं. मी कुत्र्याच्या डोळ्यात डोळे घातले. तो उठून लिंबाच्या पलीकडे गेला.

शेजारची म्हातारी, आमच्या कुडाला लागून राहायची ती, कुडावरून डोकावली. "अवो माय," तिनं माझ्या मायला हाक मारली, "तुहा पोरगा कुत्र्याले भाषन देऊन राह्यला का वं?"

"देऊ दे," माय आतून म्हणाली. "मानसं आयकत नाईत. कुत्रं तरी आयकन."

भाषण सोडलं. भाकरीचा तुकडा फेकायला लागलो. फेकायला हात वर गेला की तो पळे. मग फेकणंही सोडलं. तुकडा जमिनीवर ठेवायचा आणि घरात जायचं. मी आत गेलो की तो यायचा, खायचा, जायचा. काही दिवसांनी घरात न जाता तिथंच त्याच्याकडे पाठ करून बसलो. बराच वेळ काही झालं नाही. नंतर मागं दातांखाली कोरडी भाकर मोडल्याचा आवाज आला. मी वळलो नाही. त्या दिवसापासून मी रोज त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो, आणि रोज तुकडा थोडा जवळ ठेवत गेलो. पुढे तुकडा ठेवलाच नाही, तळहातावर धरून हात मागं जमिनीला टेकवला. एका सकाळी तळहाताला ओला श्वास लागला. मग जीभ. मग भाकर गेली.

मला आनंद झाला असं लिहायला हरकत नव्हती, कोणी तपासायला येणार नाही. पण तसं झालं नाही. फक्त तो तळहात मी बराच वेळ तसाच उघडा ठेवला.

बोलावलं की यायला तो लवकर शिकला. मी "ये" म्हणायचो, हात खाली, नजर बाजूला. आला की भाकर. कधी भाकर नसली तर बोलवायचंच नाही, हा नियम मी माझ्यासाठी केला. बोलवून रिकामा हात दाखवायचा हे आम्हाला गावानं फार दिवस केलं होतं. मी ते कुत्र्याला करणार नव्हतो.

पण यायला शिकून भागणार नव्हतं. बापाच्या या कुत्र्याची एक सवय होती. तो घोळक्यात खायचा नाही. इतर कुत्रे लचके तोडत जागच्या जागी गिळत, हा अंगानं हलका असल्यामुळे मार खायचा, म्हणून मिळेल तो तुकडा तोंडात धरून दूर जायचा आणि एकटा बसून खायचा. म्हणजे तोंडातलं माझ्या हातात द्यायला तो शिकला तर वाचण्याची सोय होती. तोंडातलं काढायला मागं लागलं की तो पळता पळता गिळून टाकतो हे मी पाहिलं होतं. त्यानं आपणहून द्यायला पाहिजे होतं.

तर मी अदलाबदल सुरू केली. तो बुरकुंडी चघळत असला, म्हणजे दाणे काढून घेतलेलं ज्वारीचं कणीस, की मी जवळ बसायचो, एक हात उघडा खाली ठेवायचो आणि "दे" म्हणायचो. दुसऱ्या हातात भाकर. बुरकुंडी माझ्या हातात पडली की भाकर त्याची, आणि वर बुरकुंडीही परत त्याची. घेतलेलं परत मिळतं हे कळल्यावर तो द्यायला लागला. लाकूड द्यायचा, तुटकी वहाण द्यायचा. एकदा मुलांचा चेंडू दिला, चिंध्यांचा. एकदा शेजारच्या म्हातारीची चोळी आणून दिली, तेव्हा कुडावरून जे ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही.

फक्त हाडूक आणलं की मी हात मागं घ्यायचो. वळून बसायचो. मेल्या ढोराचं हाड मी हातात घेणार नव्हतो. वस्तीच्या सभेत नियम मीच मांडला होता, मेल्या ढोराला जो हात लावेल तो वस्तीबाहेर. टाळ्या पडल्या होत्या. कुत्रा हाडूक तोंडात धरून माझ्या पाठीमागं थोडा वेळ उभा राहायचा आणि मग ते घेऊन लिंबामागं जायचा. मला वाटत होतं, यातून त्याला कळेल की हे वाईट आहे.

मायनं एक दिवस भाकरी थापता थापता सांगितलं.

"तू त्याले लाकूड द्याले शिकवलं. चपला द्याले शिकवलं. कुचला काय चपलीत भरनार हाय पाटील?"

"हाडाला हात लावायचा नाही ठरलं आहे."

"ठरलं हाय तं ठरलं हाय. त्याच्या हिशोबानं तुहा हात हाडूक घेत नाई. त्याले हेच समजलं. वाईट हाय असं नाई समजलं."

मी तिला नियम का आवश्यक आहे ते समजावून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

पाटलाचा बैल आश्विनात मेला. पांदणीला लागून त्याचं पडीत वावर होतं, तिथंच मेला आणि तिथंच ठेवला. मला ते सकाळी कळलं नव्हतं. मी मुकुटबनच्या सभेला निघालो होतो, खांद्यावर पत्रकांची थैली. पांदणीच्या वळणावर आलो तर वर घारी फिरत होत्या आणि वावराच्या कडेला, बांधाच्या धुऱ्यावर, कोतवाल व आणखी चार-पाच गावकरी उभे होते, जत्रा पाहायला उभे राहतात तसे. वावरात बैल फुगून पडला होता, पोट फाडून ठेवलेलं. भोवती आमच्या वस्तीतले कुत्रे. म्हातारीचा पिवळा कुत्रा डोकं आत घालून खात होता. एक काळी कुत्री जरा बाजूला उभी होती आणि तिचे मागचे पाय लाकडासारखे झाले होते. ती पाय टाकायला पाहत होती, पडत नव्हता.

बापाचा कुत्रा घोळक्यातून निघाला तेव्हा त्याच्या तोंडात तळहाताएवढा तुकडा होता. तो पांदणीच्या बाजूला येत होता. बसून खायला जागा शोधत होता.

ओरडावं असं वाटलं. ओरडणं मला येतं, माझा आवाज वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. पण मी ओरडलो असतो तर त्यानं गिळलं असतं. मी थैली खाली ठेवली आणि पांदणीच्या धुळीत बसलो. त्याच्याकडे पाहिलं नाही. हात खाली ठेवला, उघडा.

"ये."

तो आला. थोडा अलीकडे थांबला. मला त्याचे पुढचे पाय दिसत होते आणि मांसाचा वास येत होता. तो थांबला कारण त्याला माझा हात माहीत होता. लाकूड घेतो, वहाण घेतो, हे घेत नाही. नेहमीसारखा मी वळून बसेन आणि तो जाईल, असंच आमच्यात ठरलेलं होतं. त्यानं खाली बसायला मागचे पाय दुमडले.

मी हात पुढं केला. जेवढा जाईल तेवढा.

"दे."

धुऱ्यावरून कोणीतरी म्हणालं, "अबे पाहा पाहा, पुढारी काय करून राह्यला!"

कुत्रा हाताकडे पाहत होता. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मी आणखी काही बोललो नाही, कारण जे शिकवलं होतं त्यात आणखी शब्द नव्हते. मग तो पुढं आला, मान खाली केली आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. गार होता, चिकट होता. जड होता असं आठवतं, पण तेवढ्याशा तुकड्याला कितीसं वजन असणार.

"घेतलं!" धुऱ्यावर हशा पिकला. "घेतलं बरं का! आला वळनावर! किती झालं तरी हाताले सवय हाय!"

"पत्रक वाच म्हना आता त्याच्यावर!"

मी थैली उचलून उठलो. कुत्रा उठला. दुसऱ्या हातात भाकर नव्हती. सभेला जाताना भाकर कोण बांधतं, तिथं जेवण असतं. तो माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहत होता आणि त्या हातात थैली होती. मी चालायला लागलो, मांस तसंच उघड्या तळहातावर धरून, गावच्या लोकांसमोरून. झाकण्यासारखं काही नव्हतं. मागं वळून पाहिलं नाही. नाल्यावर पोचलो तेव्हा तो माझ्या मागं होता.

नाल्याच्या काठाला खड्डा केला, तुकडा टाकला, वर दगड ठेवले. हात वाळूनं घासले. मग कुत्र्याचं तोंड धरलं. याआधी मी त्याचं तोंड कधी धरलं नव्हतं. ओठ वर केले, बोटं आत घालून दात, हिरड्या, जीभ पाण्यानं धुतली. ओंजळीनं पाणी ओतत गेलो. तो अंग आखडून उभा होता, पण चावला नाही, सुटायला पाहिलं नाही. एवढं मोठं तोंड आणि एवढे दात, त्यात माझी बोटं. मी तेव्हा हेच पाहत होतो की दातांत काही अडकलं आहे का. दुसरं काही मनात आलं नाही.

घरी आलो तर वस्तीत आरडाओरड सुरू झाली होती. काही कुत्रे घरापर्यंत पोचून पडले, काही पांदणीतच. म्हातारीचा पिवळा तिच्या दारात पडला. ती त्याच्या तोंडात ताक ओतायला पाहत होती, त्याचे जबडे मिटले होते. मायनं मला भाकर दिली. ती मी कुत्र्यापुढं धरली. त्यानं घेतली. मग मी ओट्यावर त्याच्या बाजूला बसलो आणि त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. त्यानं एखादा घास गिळलाच असेल तर पाय आधी ताठ होणार. ऊन लिंबाखालून ओट्यावर आलं, ओट्यावरून भिंतीवर गेलं. माशी बसली की त्याची कातडी थरथरायची आणि माझा हात आपोआप त्याच्या मांडीवर जायचा. मांडी मऊच होती. माय मधूनमधून दाराशी येऊन उभी राहायची.

"कसा हाय?"

"आहे."

दुपार कलली तेव्हा तो उठला, अंग झाडलं आणि कुडाला पाय वर करून मुतला. माय म्हणाली, "झालं. वाचला." आणि आत गेली.

मेलेले कुत्रे आम्ही आम्हीच पुरले. त्यावरही वाद निघाला की हे मेलेलं जनावर उचलणं झालं का. कोणी तरी म्हणालं, ओढू नका, उचला. म्हणून प्रत्येकानं आपापला उचलून नेला, लेकरू नेतात तसा. म्हातारीला तिचा उचलवेना, तो मी नेला. ताणलेला होता, कवेत बसत नव्हता. बापाचा कुत्रा आमच्या मागून आला आणि खड्ड्यापासून दूर बसला.

दिवे लागायच्या वेळी सभा बसली. धुऱ्यावरची गंमत गावभर झाली होती, वस्तीत तर आलीच होती. माझ्याच बरोबरीचा एक जण उभा राहिला. पत्रकं वाटायला आम्ही दोघं सोबत फिरायचो.

"हात लावला का नाही?"

"लावला."

"नियम कोनाचा?"

"माझा. लावा नियम."

"लावाच लागन. गावासमोर लावला तुनं. उद्या ते मनतीन, एकानं उचललं, आता सगळे उचला. तुहा कुत्रा वाचला, पन आमचं तोंड कुटी राह्यलं?"

तो बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, जरा जास्त जोरात. मी तसं सांगितलं.

तेवढ्यात म्हातारी बसल्या जागेवरून बोलली. "माह्या पिवळ्याले कोनी दे म्हनलं नाई. म्हनलं असतं तं त्यानं देल्लं नसतं. त्याले शिकवलंच नव्हतं कोनी." मग तिनं पदर तोंडाशी धरला. "याले वस्तीबाहेर काढान तं याच्या कुत्र्यालेई काढा. अन् मंग मलेई काढा."

शेवटी जे वयस्क होते त्यांनी ठरवलं, वस्तीबाहेर नाही, पण येत्या पौर्णिमेपर्यंत यानं सभेत उभं राहून बोलायचं नाही. वस्तीत नाही, परगावी नाही. माझ्या बरोबरीच्यानं मान डोलावली. मीही डोलावली.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "काय सजा देल्ली?"

"पौर्णिमेपर्यंत बोलायचं नाही."

"हे त्याहीनं बरं केलं," ती म्हणाली. "दोन वर्साआधी केलं असतं तं कुत्रं लवकर शिकलं असतं."

सकाळी कोतवाल आला. यावेळी आत आला, सरळ आमच्या ओट्यापाशी.

"पाटील मनते, आता हात लावलाच हाय तं बैल तेवढा ओढून टाका. वास येऊन राह्यला गावात. धान्य देईन मनते."

माय दाराशी आली. मला बोलायची बंदी होती ती सभेत, ओट्यावर नव्हती. मी त्याला सांगितलं की पाटलाला जाऊन सांग, मी बैलाला हात लावला नाही. माझ्या कुत्र्यानं मला एक वस्तू दिली, ती मी घेतली. पाटलानं मला काही दिलेलं नाही आणि देईल ते मी घेणार नाही.

"एवडंच सांगू?"

"एवढंच."

तो गेला. माय म्हणाली, "लहानच बोलला आज."

बैल आणखी पडून राहिला. मग एका सकाळी पाटलाच्या घरचे लोकच निघाले. नाकातोंडाला शेले गुंडाळलेले, त्यांचीच गाडी, त्यांचेच बैल, त्यांचाच दोर. बैल गाडीमागं बांधून ते पांदणीनं नाल्याकडे निघाले. पांदण आमच्या वस्तीच्या अंगानंच जाते. वस्ती बाहेर येऊन उभी राहिली. या दिवसाची मी पत्रकात किती वेळा वाट पाहिली होती. माझ्या बरोबरीच्यानं माझा दंड दाबला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाट पाहिली की मलाही काही होईल. गाडी समोरून गेली. मागं धुळीत ओढल्याची रुंद खूण उमटत होती आणि तिच्यावर माशा.

कुत्रा उठला. वास त्याच्यापर्यंत आला होता. तो ओट्यावरून उतरला, पांदणीकडे थोडा गेला, नाक वर केलं. मग थांबून मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोललो नाही. हातही हलवला नाही.

तो परत आला आणि माझ्या पायाशी बसला. माय आत भाकर आणायला गेली.